साठीनंतरचे मीठ, आयोडीन आणि थायरॉइडची गोळी: घरच्या घरी काय पाहावे

साठी ओलांडलेल्या बाईला थायरॉइडची गोळी सुरू झाली की आपल्याकडच्या घरांत पहिला संशय मिठावर जातो. कोणी सांगते, आयोडीनचे मीठ बंद करा आणि सैंधव सुरू करा. कोणी सांगते, आयोडीन कमी पडले म्हणूनच हे झाले, तेव्हा आयोडीनचे थेंब आणा. हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध असले तरी बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे असतात. वयस्क स्त्रीच्या शरीराला आयोडीन थोडेच लागते, पण ते रोज लागते. आणि थायरॉइडची गोळी हा त्याहून निराळा विषय आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचे सगळे सोपे होते.

गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या खाली असलेली थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी आयोडीन वापरून दोन संप्रेरके तयार करते. त्यांपैकी टी-४ च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, तर टी-३ मध्ये तीन. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, त्वचा, स्मरणशक्ती या सगळ्यांवर त्यांचा परिणाम होतो. यासाठी प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी तो चार ग्रॅमच्या आतच राहतो. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ही गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते, परंतु पाळी बंद झाल्यानंतर ती वाढत नाही. म्हणून वय झाले या कारणासाठी जादा आयोडीन घेण्याची गरज नाही.

खान्देशात हे आयोडीन मुख्यतः मिठातूनच यावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे समुद्रापासून दूर आहेत. बाजारात जी मासळी येते त्यात तापी-गिरणेची आणि धरणांची, म्हणजे गोड्या पाण्याची मासळी बरीच असते आणि तिच्यात समुद्रातील मासळीच्या तुलनेने आयोडीन फार कमी असते. शिवाय अनेक ज्येष्ठ स्त्रिया पूर्ण शाकाहारी आहेत. दूध, दही आणि अंडी यांतून काही भाग मिळतो, पण त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. आज सत्तरीत असलेल्या स्त्रियांच्या लहानपणी घरोघरी मिळणारे मीठ आयोडीनचे नव्हते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रसिद्ध प्रयोग १९५६ मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये आला, आणि खाण्याच्या मिठात आयोडीन असण्याची देशव्यापी सक्ती २००६ पासून पुन्हा लागू झाली. त्यामुळे या पिढीतील एखाद्या स्त्रीच्या गळ्यात तरुणपणापासूनची जुनी, गाठाळ सूज असणे शक्य आहे, आणि पुढे जादा आयोडीनबद्दल जे सांगायचे आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

मिठाची पिशवी कशी वाचावी

किराणा दुकानातून आणलेली पिशवी उजेडात धरून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आणि त्यासोबत बहुधा छापलेले हसऱ्या सूर्याचे चिन्ह. दुसरी म्हणजे आयोडीनचे प्रमाण: नियमानुसार ते कारखान्यातून निघताना किमान ३० पीपीएम आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ पीपीएम असावे लागते, १५ पीपीएम याचा अर्थ एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. तिसरी म्हणजे पॅकिंगची तारीख. पिशवी जितकी जुनी, आणि उन्हात किंवा ओलीत जितकी जास्त पडून राहिलेली, तितके आयोडीन कमी होत जाते. नावात ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ किंवा ‘पारंपरिक’ असे काही छापले असेल तर त्यावरून आयोडीनबद्दल काहीच कळत नाही.

घरी आणल्यावर मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे आणि ती बरणी गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी. फोडणीच्या हाताशी असावे म्हणून शेगडीलगत उघडी ठेवलेली मिठाची वाटी सोयीची असते हे खरे, परंतु वाफ आणि उष्णता या दोन्ही गोष्टी तिथे दिवसभर असतात. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट वापरतात. ते गरम हवामानात त्यातल्या त्यात टिकणारे असले तरी ते मिठावर फवारलेले असते, म्हणजे खड्यांच्या पृष्ठभागावरच असते. त्यामुळे खडे मीठ आयोडीनयुक्त असले तरी वापरण्यापूर्वी ते धुतले, तर त्यातील पुष्कळसे आयोडीन पाण्याबरोबर मोरीत जाते. पावसाळ्यात ओलावलेले मीठ तव्यावर भाजून कोरडे करण्याची सवयही सोडावी. त्याऐवजी एका वेळी लहान पिशवी आणावी. भाजी किंवा वरण शिजताना सर्वसाधारणपणे पाचव्या भागाएवढे आयोडीन उडून जाते, पदार्थाप्रमाणे कमीजास्तही होते. म्हणून मीठ शक्य तेथे शेवटी घालावे. गावातील आशा कार्यकर्तीकडे मीठ तपासण्याचा संच असल्यास चमचाभर मीठ तिच्याकडे न्यावे. द्रावणाचा थेंब पडताच आयोडीनचे मीठ निळे-जांभळे होते, आणि रंग जितका गडद तितके प्रमाण जास्त.

आता सैंधवाबद्दल. एकादशीला, श्रावणी सोमवारी किंवा नवरात्रात उपवासाच्या पदार्थांत सैंधव वापरल्याने काहीही बिघडत नाही, कारण ग्रंथीत आयोडीनचा साठा असतो आणि चार-आठ दिवसांच्या खंडाने तो संपत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा सैंधव, पादेलोण किंवा गुलाबी मीठ बारा महिने रोजचे मीठ होते. या मिठांत नैसर्गिकरीत्या असणारे आयोडीन नगण्य असते, आणि पिशवीवर तसे स्पष्ट छापलेले नसेल तर ते वरून घातलेलेही नसते. ‘थायरॉइड आहे म्हणून सैंधव’ या सल्ल्याला आधार नाही. थायरॉइड कमी काम करत असलेल्या स्त्रीनेही घरातील इतरांसारखेच साधे आयोडीनयुक्त मीठ खावे. याला एक खरा अपवाद आहे: थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घेण्यापूर्वी डॉक्टर एक-दोन आठवड्यांसाठी कमी आयोडीनचा आहार सांगतात. तेवढी मुदत संपली की नेहमीच्या मिठाकडे परत यायचे असते.

वर्षाच्या साठवणीचाही विचार करावा लागतो, कारण खान्देशातील ज्येष्ठ स्त्रीच्या ताटातील मीठ केवळ भाजीतून येत नाही. उन्हाळ्यात घातलेले कैरीचे लोणचे, ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबरचा ठेचा, शेवभाजीतील शेव या सगळ्यांतून मीठ पोटात जाते. लोणच्यासाठी वेगळे मोकळे खडे मीठ आणण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे, कारण आयोडीनच्या मिठाने लोणचे काळे पडते असा समज आहे. इतक्या अल्प आयोडीनने लोणच्याचा रंग किंवा चव बिघडण्याचे कारण नाही. लोणचे बिघडते ते ओलाव्यामुळे आणि अपुऱ्या मिठामुळे. पापडखार तर मीठच नव्हे, तो क्षार आहे; त्यातून आयोडीन मिळत नाही, सोडियम मात्र मिळते. विकतच्या शेव-फरसाणात आयोडीनयुक्त मीठ घातले आहे की नाही हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून ते आयोडीनच्या हिशेबात धरू नये.

मीठ किती खाल्ले जाते, ते मोजावे कसे

येथे खरी ओढाताण आहे. साठीनंतर रक्तदाब अनेकींचा वाढलेला असतो आणि डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. दुसरीकडे आयोडीन येते तेही मिठातूनच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, अशी आहे. ५ ग्रॅम मिठात १५ पीपीएमच्या दराने ७५ मायक्रोग्रॅम आयोडीन येते आणि ३० पीपीएमच्या दराने १५०. शिजवताना होणारी घट वजा केली तरी ताजी, चांगली राखलेली पिशवी आणि रोजचे दूध-दही यांच्या जोरावर गरज बऱ्यापैकी भागते. मात्र ते ५ ग्रॅम जर जुन्या, उघड्यावर राहिलेल्या पिशवीतले किंवा सैंधवाचे असतील तर भागत नाही. म्हणजेच मीठ जितके कमी खायचे, तितके ते चांगल्या प्रतीचे आयोडीनयुक्त असण्याला महत्त्व येते. आयोडीन मिळावे म्हणून मीठ वाढवणे हा उपाय नव्हे.

आपण किती मीठ खातो याचा अंदाज हाताच्या चिमटीवरून येत नाही. त्यासाठी नवी पिशवी फोडताना तिच्यावर पेनने तारीख लिहावी आणि संपेल त्या दिवशी हिशेब करावा. दोघांच्या घरात एक किलो मीठ ४० दिवसांत संपले, तर माणशी रोजचे साडेबारा ग्रॅम झाले. दोघांनी ५ ग्रॅमची मर्यादा पाळली तर तीच पिशवी १०० दिवस पुरायला हवी. लोणच्या-पापडाचे मीठ या पिशवीतून घेतले असल्यास ते वजा करावे, पण खाताना ते पोटातच जाणार आहे हे विसरू नये. कमी करायचे झाल्यास मी तरी सुरुवात भाजीच्या मिठापासून करणार नाही. ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेले लोणचे, पापड आणि वरून घेतलेली मिठाची चिमूट आधी कमी करावी, कारण लोणच्या-पापडातले मीठ बहुधा बिनआयोडीनचे असते आणि रक्तदाबाला तेवढेच बाधक असते.

कमी सोडियमचे मीठ घ्यायचे असल्यास दोन गोष्टी पाहाव्यात: त्यात आयोडीन आहे का, आणि ते आपल्याला चालते का. अशा मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

भाकरी, कोबी आणि इतर भीती

बाजरीतील काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात हे खरे आहे, पण हा परिणाम आयोडीन अपुरे असताना आणि बाजरी हेच जवळजवळ एकमेव अन्न असताना महत्त्वाचा ठरतो. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आजीने हिवाळ्यात भरताबरोबर बाजरीची भाकरी खाण्यात काहीच वावगे नाही, आणि आपल्याकडे ज्वारी आणि कळणाही ताटात असतोच. कोबी, फुलकोबी आणि मुळा यांच्याबाबत तेच. शिजवल्याने त्यांतील अशा घटकांचा जोर आणखी कमी होतो. सोयाबीनचा प्रश्न थोडा वेगळा आहे: त्याने गोळीचे शोषण कमी होते, म्हणून ते गोळीच्या वेळेजवळ खाऊ नये.

जादा आयोडीन

आयोडीनची कमतरता नसलेल्या भागांत थायरॉइड मंद होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. त्याला हाशिमोटोचा विकार म्हणतात आणि तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. अशा ग्रंथीला अधिक आयोडीन दिल्याने ती सुधारत नाही, उलट जास्त प्रमाणात दिल्यास आणखी मंद होऊ शकते. दुसरीकडे, ज्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षांच्या गाठी आहेत त्यांच्यात अचानक मोठ्या प्रमाणात मिळालेल्या आयोडीनने थायरॉइड उलट अतिवेगाने काम करू लागण्याचा धोका असतो, आणि वयस्क हृदयाला तो वेग झेपत नाही. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठातून आयोडीन देणे सक्तीचे झाल्यावर काही काळ अतिक्रियाशील थायरॉइडचे रुग्ण वाढले आणि नंतर ते प्रमाण उतरले. यावरून साधे आयोडीनयुक्त मीठ टाळावे असा अर्थ कोणी काढू नये. मिठातून मिळणारी मात्रा अल्प असते.

टाळायचे आहे ते वेगळेच. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब आणि ‘थायरॉइडसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल यांत रोजच्या गरजेच्या कित्येक पट आयोडीन असू शकते, आणि ते प्रत्येक बाटलीत सारखे असेलच असे नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडारोन या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. ही गोळी स्वतःहून बंद करायची नसते, मात्र ती चालू असताना थायरॉइडची तपासणी ठरावीक अंतराने व्हायलाच हवी. रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफी यांतूनही मोठी मात्रा शरीरात जाते. म्हणून असा स्कॅन ठरला की ‘गळ्यात जुनी गाठ आहे’ किंवा ‘थायरॉइडची गोळी चालू आहे’ हे आधीच सांगावे. जुन्या, न भरणाऱ्या जखमेवर महिनोन्‌महिने पोव्हिडोन-आयोडीन लावले जात असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तपासणी केव्हा, कोणती

थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, थंडी सहन न होणे आणि विसरभोळेपणा ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणे आहेत; पण आपल्याकडे त्यांवर ‘आते वय व्हयनं’ एवढे एकच उत्तर मिळते. अतिक्रियाशील थायरॉइडची लक्षणे तर म्हातारपणी आणखी फसवी असतात: तरुण बाईसारखी धडधड आणि घाम न दिसता नुसते वजन उतरत जाणे, जेवणावरची वासना जाणे, उदास राहणे किंवा नाडी अनियमित होणे एवढेच दिसू शकते. अशी लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की त्याचा आकडा सहसा वाढतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयांत या तपासणीची चौकशी करता येईल.

अहवाल हातात आल्यावर छापील मर्यादेपेक्षा आकडा थोडा वर दिसला की घाबरून जाऊ नये. प्रयोगशाळा सर्वांसाठी साधारण ०.४ ते ४ अशी मर्यादा छापतात, परंतु वय वाढते तसा टीएसएच नैसर्गिकरीत्याही थोडा वर सरकतो, आणि सत्तरी-ऐंशीतील निरोगी स्त्रीचा आकडा ६-७ असू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींचा अभ्यास केला गेला. त्यांचा टीएसएच वाढलेला होता, पण टी-४ योग्य होते. त्यांपैकी ज्यांना गोळी दिली त्यांना थकवा किंवा इतर लक्षणांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा अधिक फायदा झाला नाही. म्हणून टी-४ योग्य असताना किंचित वाढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पाहणे बहुधा शहाणपणाचे असते. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर डॉक्टर सहसा गोळीचा विचार करतात. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवाव्यात, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात. लघवीतील आयोडीनची तपासणी मात्र पैसे खर्चून करू नये. ती गावाच्या किंवा जिल्ह्याच्या पाहणीसाठी योग्य आहे, एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून काही ठरवता येत नाही.

गळा घरी पाहण्याची रीत अशी: आरशासमोर उजेडात बसावे, हनुवटी किंचित वर करावी, पाण्याचा घोट तोंडात घ्यावा आणि तो गिळताना स्वरयंत्राच्या खालचा भाग पाहावा. गिळताना वर-खाली सरकणारा फुगवटा दिसला तर तो डॉक्टरांना दाखवावा. नजर कमी झाली असल्यास हे काम मुलीने किंवा सुनेने समोर बसून करावे.

गोळी घेण्याची रीत

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजेच मंद थायरॉइडसाठीची गोळी सकाळी उठल्याबरोबर फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. आपल्याकडे मोडते ते येथेच, कारण पहाटेचा चहा सुटत नाही. ज्यांचा स्नान-पूजेशिवाय काही न खाण्याचा नेम आहे त्यांना खरे तर हे सर्वांत सोपे: उठल्यावर गोळी, मग स्नान, पूजा आणि त्यानंतर चहा. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची औषधे यांत आणि या गोळीत चार तासांचे अंतर हवे. साठीनंतर कॅल्शियमची गोळी अनेकींना चालू असते, ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. सकाळ जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्याची पद्धतही चालते, पण ती डॉक्टरांना सांगून ठरवावी आणि मग रोज तीच पाळावी.

ही गोळी उष्णतेने आणि ओलाव्याने निकामी होते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, खिडकीत किंवा फ्रिजच्या वर ठेवलेल्या बाटलीतील गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. बाटली घरातील सर्वांत थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावी, आतील ओल शोषणारी पुडी काढू नये आणि आठवड्याच्या गोळ्या उघड्या डबीत काढून ठेवू नयेत. उन्हाळ्यानंतर काही कारण नसताना टीएसएच वाढलेला आला, तर मात्रा वाढवून घेण्याआधी बाटली कुठे होती हे डॉक्टरांना सांगावे.

मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहिला जातो. त्याआधी तो नीट स्थिरावत नाही. वयस्क स्त्रीला, विशेषतः हृदयविकार असल्यास, सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमसारख्या लहान मात्रेने होते. शेजारणीला १०० ची गोळी आहे म्हणून आपल्यालाही तेवढी हवी असे नसते. जास्त मात्रेने हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि पाळी बंद झालेल्या स्त्रीला या दोन्हींचा धोका आधीच अधिक असतो. त्यामुळे वजन उतरू लागले, हात थरथरू लागले किंवा छातीत धडधड वाटू लागली तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता दाखवावे.

गळ्यातील गाठ काही आठवड्यांत वाढत असेल, आवाज बसून तो सुटत नसेल किंवा घास गिळताना अडत असेल तर त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे. थायरॉइडची गोळी चालू असलेली किंवा मध्येच बंद केलेली वृद्ध स्त्री गुंगीत जाऊ लागली, अंग गार पडले, श्वास मंदावला किंवा ती नीट बोलेनाशी झाली, तर घरी गोळी देऊन पाहत बसू नये. १०८ ला फोन करून तिला रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची बाटली सोबत घ्यावी.